गाणे ठेवायचे कोठे: खान्देशातील आवडीच्या गाण्यांच्या नोंदींचा इतिहास

आवडलेले गाणे हवे तेव्हा पुन्हा सापडावे म्हणून माणसे जी व्यवस्था लावतात, तिला संगीताच्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. गायक, संगीतकार, वाद्ये आणि घराणी यांच्यावर ग्रंथ लिहिले जातात, पण ऐकणाऱ्याने आपल्या आवडीची मांडणी कशी केली, ती कोठे लिहून ठेवली आणि ती कशी हरवली, हा विषय घरातल्या अडगळीच्या कपाटासारखा दुर्लक्षित राहतो. आज ही व्यवस्था मोबाइलमधील संगीताच्या अॅपकडे गेली आहे. गाण्यासमोरचे बदामाचे चिन्ह दाबले की ते गाणे 'आवडती गाणी' या यादीत जाते आणि ती यादी काही महिन्यांतच इतकी लांबते, की तिच्यातून एखादे गाणे शोधणे ते नव्याने शोधण्याहून कठीण होते. ही अडचण तंत्रज्ञानातील एखाद्या उणिवेमुळे आली, असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु खान्देशसारख्या प्रदेशात गाणी जपण्याच्या रीती गेल्या शंभर वर्षांत कशा बदलत गेल्या हे पाहिले, तर अडचणीचे मूळ दुसरीकडे दिसते. प्रत्येक काळात 'गाणे ठेवणे' याचा अर्थ वेगळा होता, आणि सध्याच्या अॅपमध्ये जे ठेवले जाते ते मुळी गाणे नाहीच.

जळगाव शहराला लागून असलेले आणि पुढे शहरातच सामावलेले मेहरूण हे गाव बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे एकेकाळी जळगावला पाणी पुरवणारा तलाव आणि दुसरी म्हणजे बोरे. या बोरांच्या वाणालाच 'मेहरूण' असे नाव पडले असून फळबागांच्या पुस्तकांत तो उमराण आणि कडाका यांच्या पंक्तीला नोंदलेला असतो. औद्योगिक वसाहत, महामार्ग आणि नव्या कॉलन्या यांनी वेढलेल्या अशा वस्तीत जुन्या गावाचे कालमान अजून घराघरांत चालते, आणि हे कालमान हीच खान्देशातील गाण्यांची पहिली अनुक्रमणिका होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येत आणि झाडाला झोका बांधून गौराईची गाणी म्हणत; श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसे, त्या वेळी रोटांच्या स्वयंपाकाबरोबर देवीची गाणी रात्रभर चालत; भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरत आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ होई. यांखेरीज हळदीची गाणी, पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या आणि वहीगायनासारख्या मंडळींनी मिळून गायच्या परंपरा होत्या. यांपैकी कोणत्याही गाण्याला गायिकेचे नाव नव्हते, क्वचितच रचनाकाराचे होते. गाण्याचा पत्ता म्हणजे त्याचा प्रसंग. आखाजीचे गाणे पौषात आठवण्याचे कारण नव्हते आणि आखाजी आली की ते आपोआप ओठांवर येई. ठेवण्याची जागा माणसांच्या स्मरणात होती आणि ती उघडण्याची किल्ली पंचांगात.

या रचनेची एक त्रुटीही होती, आणि रचनेविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांनी ती दडवू नये. गाणारी गेली की तिच्याजवळची गाणी जात. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांचे जे झाले असते, ते या प्रदेशातील असंख्य बायकांच्या रचनांचे झालेच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या रचत आणि म्हणत, आणि त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांतल्या जेवढ्या कानी पडल्या तेवढ्या उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या घटनेकडे मराठी साहित्याच्या इतिहासातील एक शोध म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती आवडीच्या नोंदीचीही घटना आहे. एका मुलाने आईची गाणी वहीत लिहून ठेवली, म्हणून ती राहिली. त्या वहीत आवाज नव्हता आणि चालही नव्हती. होते ते फक्त शब्द, परंतु शब्द हे गाण्याचे असे अंग आहे, की त्यावरून गाणे पुन्हा उभे करता येते.

वहीचा हा गुण भजनी मंडळांना फार पूर्वीपासून माहीत होता. वारकरी भजनाचा एक क्रम ठरलेला असतो: आरंभी नामघोष, मग रूपाचे अभंग, पुढे विषयानुसार इतर अभंग, गौळण, भारूड आणि अखेर आरती, म्हणून भजन्याच्या हस्तलिखित चोपडीत अभंग याच क्रमाने उतरवलेले असतात, म्हणजे पाने उलटत गेले की भजन पुढे सरकते. छापील गाथांमध्ये याच्या जोडीला अकारविल्हे सूची असते. अकारविल्हे म्हणजे पहिल्या अक्षराच्या वर्णक्रमाने केलेली मांडणी, आणि तिचा आधार अभंगाचा पहिला चरण असतो, कारण गाणाऱ्याला आठवतो तो पहिला चरणच. एकाच संग्रहाला दोन वाटांनी जाता येईल, एक प्रसंगाच्या क्रमाने आणि एक आठवलेल्या शब्दावरून, ही सोय मराठी गाथांच्या संपादकांनी संगणकाच्या बऱ्याच आधी करून ठेवली होती. आजच्या अॅपमध्ये ती अर्धीच आढळते.

सिनेमा आला तेव्हा वहीचा विस्तार झाला. चित्रपटगृहाबाहेर काही पैशांत गाण्यांची पातळ चोपडी मिळे, तिच्यात गाण्यांचे शब्द आणि अर्धवट सांगितलेली कथा असे, कारण उरलेली कथा पडद्यावर पाहावी अशी प्रकाशकांची अपेक्षा असे. या चोपड्या शिवून एकत्र बांधण्याची किंवा त्यांतील निवडक गाणी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवण्याची चाल गावोगावी होती. तबकडी, म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड, मात्र थोड्याच घरांत पोहोचली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणजे एक बाजू हेच एक गाणे. निवडीचा प्रश्न विकत घेतानाच मिटलेला असे. बहुतेकांच्या कानी रेकॉर्ड पडे ती लग्नाच्या मांडवातील कर्ण्यातून, आणि तेथे निवड लाउडस्पीकरवाल्याची.

खान्देशातील सामान्य श्रोत्याला आवड 'नोंदवण्याचा' हक्क मिळाला तो रेडिओमुळे, आणि तोही आडवाटेने. १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे ३ डिसेंबर १९५२ रोजी, बहिणाबाईंच्या निधनाला नेमके एक वर्ष झाले त्या बुधवारी, अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. या दोन तारखांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही गाणे जपण्याच्या एका रीतीचा अस्त आणि दुसरीचा उदय एवढ्या जवळ यावा, याची नोंद घेण्याचा मोह आवरत नाही. गीतमालेच्या आरंभीच्या रूपात सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजत आणि श्रोत्यांनी ती ठरावीक क्रमाने लावून पाठवायची असत. पुढे तिने क्रमवारीचे रूप घेतले, तिच्यातील स्थानांना 'पायदान' म्हटले जाऊ लागले आणि रेकॉर्डच्या दुकानांकडून येणारे विक्रीचे आकडे व श्रोता संघांची पत्रे यांच्या आधारे ती ठरू लागली. श्रोता संघ म्हणजे एकत्र येऊन कार्यक्रम ऐकणाऱ्या आणि मिळून पत्रे लिहिणाऱ्या मंडळींचा गट. दर बुधवारी रात्री ही पायदाने वहीत उतरवून घेणारे श्रोते उत्तर भारतात आणि महाराष्ट्रात सारखेच होते. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी १९८० पासून प्रसिद्ध केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' हे अशाच नोंद करण्याच्या वृत्तीचे सर्वांत मोठे फळ म्हणावे लागेल. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार आणि रेकॉर्डचा क्रमांक इतका तपशील त्यात दशकवार दिलेला आहे.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सरकारी नभोवाणीनेही फर्माईश, म्हणजे श्रोत्याने कळवलेली गाण्याची मागणी, मान्य केली. मराठीत 'आपली आवड' या कार्यक्रमाने त्या शब्दालाच घराघरांत नेले. जळगावला आकाशवाणीचे केंद्र १९७६ मध्ये आले आणि मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला ते लागू लागले, तेव्हा लेवा गणबोली बोलणाऱ्या जळगाव-यावल-भुसावळ पट्ट्यापासून अहिराणी बोलणाऱ्या अमळनेर-पारोळ्यापर्यंतच्या श्रोत्यांना पत्र पाठवण्यासाठी जवळचा पत्ता मिळाला. १९८० च्या दशकात पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळत असे. त्यावर गाण्याची ओळ, चित्रपटाचे नाव आणि खाली घरातल्या, आळीतल्या, कधी कधी अजून बोलूही न लागलेल्या बाळांपर्यंत सगळ्यांची नावे लिहिली जात, कारण गाण्यापेक्षा नावांच्या वाचनाचे अप्रूप मोठे असे. फर्माईश ही आवडीची एक विलक्षण नोंद होती. ती करणाऱ्याच्या हाती काहीच राहत नसे: गाणे वाजले तर वाजले, आणि वाजले तेव्हा श्रोता घरी असेलच असे नाही. तरीही तिच्यात निवडीचे मोल सर्वांत अधिक होते, कारण एका कार्डावर दहा गाणी मागून चालत नसे.

कॅसेटने हा सारा व्यवहार पालटला. १९८० च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी बाजारात आणल्या, एचएमव्हीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली आणि तालुक्याच्या गावीही रेकॉर्डिंगची दुकाने निघाली. तेथे गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट विकत घ्यायची आणि दोन-चार दिवसांनी ती 'भरून' आणायची. 'कॅसेट भरणे' या शब्दप्रयोगात या व्यवस्थेचे मर्म आहे, कारण कॅसेटला भांड्याप्रमाणे माप होते. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर तीस मिनिटे आणि नव्वदच्या बाजूवर पंचेचाळीस. चार मिनिटांची अकरा गाणी घेतली तर चव्वेचाळीस मिनिटे होतात आणि एक मिनिट कोरे राहते, बारावे घेतले तर ते मध्येच तुटते. त्यामुळे यादी करणाऱ्याला गाण्याच्या लांबीचा हिशेब ठेवावा लागे, कोणते गाणे कोणाच्या आधी हे ठरवावे लागे, आणि यादीतील एखादे गाणे दुकानदाराकडे नसल्यास तो त्याच्या पसंतीचे घालील हा धोकाही गृहीत धरावा लागे. कायद्याच्या दृष्टीने हे सारे १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे उल्लंघन होते, पण त्याची फारशी कोणी पर्वा केली नाही. कॅसेटच्या वरच्या कडेला असलेले दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. ठेवायची असेल तर तुकडे मोडायचे आणि पुढे मन बदलले तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. आवड पक्की करणे आणि ती रद्द करणे या दोन्ही क्रियांना असे हाताला लागणारे रूप पुढे कोणत्याही यंत्राने दिले नाही.

याच कॅसेटमुळे खान्देशातील प्रसंगाची गाणी पहिल्यांदा वस्तू झाली. घरच्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या आवाजातील कानबाईची गाणी घेतली जाऊ लागली आणि बाजारात अहिराणी गीतांच्या कॅसेटी आल्या. अशा कॅसेटवर चिकटवलेल्या कागदावर गायकाचे नाव क्वचितच असे. 'आखाजी', 'हळद', 'भजन' असेच लिहिलेले असे. म्हणजे माध्यम नवे होते तरी अनुक्रमणिका जुनीच राहिली, आणि ती लिहिणारा हात घरातलाच होता.

ही अनुक्रमणिका मोडली ती संगणकाच्या फाइलने, आणि तिच्यातील एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या योजनेने. एमपी-३ या प्रकारच्या फाइलमध्ये गाण्याचे नाव नोंदवण्याची सोय मुळात नव्हती, म्हणून १९९६ मध्ये फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची पद्धत निघाली, तिला आयडी-३ म्हणतात. त्या चिठ्ठीत शीर्षकाला तीस अक्षरे, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, वर्षाला चार, शेऱ्याला तीस आणि प्रकारासाठी एका ठरलेल्या यादीतील क्रमांक एवढीच जागा होती. अक्षरे रोमनच असायची आणि प्रकारांच्या आरंभीच्या ऐंशी नावांत रॉक आणि जॅझ यांच्या अनेक छटा होत्या, पण लावणी, पोवाडा, अभंग किंवा ओवी नव्हती. गीतकाराला तर रकानाच नव्हता. पाश्चात्त्य पॉप संगीताच्या अल्बमसाठी आखलेला हा नमुना हिंदी चित्रपटगीताला कसाबसा बसवता आला, कारण तेथे 'अल्बम' म्हणजे चित्रपट असे मानून चालले. मराठी भावगीताला तो तोकडा पडला आणि गुलाबाईच्या गाण्याला बसलाच नाही. पुढच्या काळात चिठ्ठी मोठी झाली, देवनागरी आली, रकाने वाढले, पण कलाकार, अल्बम आणि शीर्षक या तीन खुंट्या तशाच राहिल्या. आजचे प्रत्येक अॅप त्याच खुंट्यांवर उभे आहे.

मधला टप्पा मेमरी कार्डाचा. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असे, आणि चार जीबीच्या कार्डावर आठशे-नऊशे गाणी सहज मावत. कॅसेटची यादी करताना अकरा गाण्यांवर थांबणारा श्रोता येथे 'जुनी भरा', 'अहिराणी भरा', 'डीजे भरा' एवढेच सांगू लागला. निवड घाऊक झाली. शिवाय फाइलच्या नावात गाण्याऐवजी ती जेथून उतरवली त्या संकेतस्थळाचे नाव आधी येत असल्याने वर्णक्रमाने लावलेली शेकडो गाणी एकाच अक्षराखाली जमत.

भारतातील संगीताची अॅप याच सवयीवर वाढली. 'सावन' २००७ पासून होते आणि २०१८ मध्ये जिओच्या संगीतसेवेत मिसळून ते जिओसावन झाले. 'गाना' २०१० च्या सुमारास, एअरटेलचे 'विंक' २०१४ मध्ये आणि स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. या सेवांना प्रवाही प्रसारण म्हणता येईल, कारण गाणे श्रोत्याच्या यंत्रात कायमचे उतरत नाही, दूरच्या संगणकावरून ऐकण्यापुरते वाहत येते. बदामाचे चिन्ह दाबल्यावर श्रोत्याच्या नावे जमा होते ती एक नोंद: अमुक कंपनीने, अमुक दिवशी, अमुक क्रमांकाने चढवलेले ध्वनिमुद्रण यास आवडते, एवढीच. वहीत शब्द राहत आणि कॅसेटमध्ये आवाज; या यादीत केवळ बोट दाखवलेले राहते, आणि ज्याकडे दाखवले ते हलले तर बोट मोकळ्या जागेकडे रोखलेले उरते.

ते हलते याची उदाहरणे थोडी नाहीत. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजेच एचएमव्ही, २००० पासून सारेगामा या नावाने ओळखली जाते आणि जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा फार मोठा साठा तिच्याकडे आहे. परवान्याच्या वादातून एप्रिल २०१९ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरली आणि २०२० मध्ये करार झाल्यावरच परतली. त्या वर्षभरात ज्यांच्या यादीत लता मंगेशकर आणि मुकेश यांची गाणी होती, त्यांना ती करड्या रंगात, न वाजणारी दिसत होती. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांच्या बाबतीत काही काळ तेच घडले. सप्टेंबर २०२२ मध्ये गानाने मोफत सेवा थांबवून वर्गणीची अट घातली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक बंद करत असल्याचे जाहीर केले. रेकॉर्डिंगचे दुकान बंद पडले तरी भरून आणलेली कॅसेट घरी वाजत राही; येथे दुकानाबरोबर कपाटही जाते.

याहून सूक्ष्म, पण रोजची अडचण एकाच गाण्याच्या अनेक नोंदींची आहे. बहिणाबाईंच्या कविता १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात गीते म्हणून आल्या, नंतर उत्तरा केळकर यांनी त्या गायिल्या, पुढे अनेकांनी. वहीच्या दृष्टीने ती एकाच कवयित्रीची गाणी आहेत; अॅपच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या अल्बमांत विखुरलेली असून कवयित्रीचे नाव तपशिलाच्या आतल्या पानावर, तेही असेलच तर, आणि 'चौधरी' हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले. जी व्यक्ती या गाण्यांच्या अस्तित्वाचे कारण, तिच्या नावाने यादी लावता येत नाही. 'आठवणीतली गाणी' या मराठी संकेतस्थळाने गीतकार, संगीतकार, स्वर, राग आणि गीतप्रकार अशा सर्व वाटा उघड्या ठेवल्या आहेत, कारण त्याचा पाया गाण्याचे शब्द हा आहे. आणि ज्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीही ओव्यांचे वर्गीकरण विषय आणि नातेसंबंध यांवरून केले. म्हणजे मराठीला साजेशी व्यवस्था अशक्य आहे असे मुळीच नाही. ती करणाऱ्यांना गाणे आधी ठाऊक होते, एवढाच फरक.

नव्या गाण्यांची गत वेगळी नाही. २०२४ मध्ये देशभर गाजलेल्या 'गुलाबी साडी'चे गायक संजू राठोड जळगाव जिल्ह्यातले. अशा गाजलेल्या गाण्याचे मूळ रूप, वाद्यांचे रूप, मंद केलेले, वेगवान केलेले आणि डीजेचे रूप या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होते, आणि मुळाला बदाम दिला तरी दुसऱ्या रूपाला तो लागू होत नाही. 'हाई झुमका वाली पोर'सारखे अहिराणी गाणे लक्षावधींनी ऐकले तरी भाषा निवडण्याच्या पानावर अहिराणी सहसा नसते, ती मराठीत धरली जाते. अमळनेर-धुळ्याच्या श्रोत्याला, जो अहिराणी आणि मराठी यांतला भेद घरात आणि शाळेत रोज पाळतो, स्वतःची वेगळी यादी करण्यावाचून गत्यंतर नसते.

या अडचणींतून काढलेल्या वाटांत जुन्या सवयी ओळखू येतात. पहिली वाट बदामाच्या यादीला पोतडी मानून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची आणि स्वतंत्र याद्या प्रसंगाच्या नावाने करण्याची: 'कानबाई', 'हळद', 'तलावावर फिरताना', 'पहाट'. आखाजीची किल्ली पंचांगातून निघून यादीच्या शीर्षकात येते, इतकेच. दुसरी वाट नावाआधी आकडा घालण्याची, कारण वर्णक्रमात रोमन अक्षरे आधी आणि देवनागरी शेवटी लागतात, त्यामुळे अर्धी नावे रोमनमध्ये व अर्धी देवनागरीत असलेली यादी दुभंगते. शून्य-एक, शून्य-दोन असे लिहिले की ती जागेवर राहते. गाण्यांचा आतला क्रम मात्र हातचा राहिला नाही: ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पॉटिफायने भारतातील मोफत श्रोत्यांना आपल्या क्रमाने गाणी लावण्याची मोकळीक बंद केली, आणि भजनी मंडळाच्या चोपडीत जो क्रम पाने उलटल्यावर फुकट मिळे तो वर्गणीची बाब झाला. आरती आधी आणि रूपाचा अभंग नंतर वाजू लागला, तर भजन्याला जे वाटेल ते येथे लिहिण्याची गरज नाही. यादीच्या आकाराचे बंधन मात्र याच काळात सैल झाले. स्पॉटिफायने २०२० मध्ये संग्रहावरची दहा हजार गाण्यांची मर्यादा काढून टाकली. ज्याला अकरा गाण्यांचा हिशेब करता येत असे, त्याला दहा हजारही अपुरी पडावीत हा या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक भाग आहे.

तिसरी वाट अॅपच्या बाहेर जाण्याची. यूट्यूबवरील दुवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्याची रीत इतकी रुळली होती, की अनेकांनी त्यासाठी एकट्याचा गट केलेला असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःला संदेश पाठवण्याची सोयच त्या कंपनीने दिली. काहींनी उलट दिशा धरली आणि २०१७ मध्ये सारेगामाने आणलेला 'कारवाँ' घेतला: पाच हजार गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा, इंटरनेटची गरज नसलेला डबा, ज्यात गीतमालेचे जुने संकलनही आहे. त्यातील वर्गवारी कंपनीने केलेली, गायक आणि मनःस्थिती यांवर आधारलेली. श्रोत्याला तिच्यात भर घालता येत नाही. तरीही तो ज्येष्ठांना आवडला, कारण त्यातले काहीही उद्या करडे पडणार नाही याची खात्री असते.

आणि वही अजून आहे. भाद्रपद जवळ आला की गुलाबाईची गाणी मुलींना शिकवण्यासाठी घरातल्या स्त्रिया ती मोबाइलवर शोधतात, आणि तेथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: कोणी 'गुलाबाई' लिहिले आहे, कोणी 'भुलाबाई', कोणी रोमनमध्ये एका 'ए'ने आणि कोणी दोन 'ए'नी, आणि प्रत्येक लेखनाखाली वेगळी गाणी निघतात. ज्यांना हे उमगले आहे त्या दोन्ही नावांनी शोध घेतात, सापडलेल्या गाण्याचे शब्द शाळेच्या जुन्या वहीत उतरवतात, दुवा घरच्या गटावर टाकतात आणि त्याच्या खाली आपल्या हाताने, देवनागरीत, गाण्याची पहिली ओळ लिहितात, म्हणजे पुढल्या वर्षी शोधताना ती सापडावी.